पाण्यावरची रेघ: गालापागोसमधले नऊ दिवस

पहिला दिवस: बाल्ट्रा

विमान उतरायच्या थोडं आधी हवाई सुंदरीने डोक्यावरचे सामानाचे कप्पे उघडले आणि आत कसलासा फवारा मारत ती मागपर्यंत गेली. ताई दचकली. "अगं, हे काय आता?" आमच्या बॅगांना चिकटून एखादा किडा गालापागोस बेटांवर पोचू नये म्हणून ती फवारणी होती. ही बेटं प्रशांत महासागरातली, दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाची. त्या देशाच्या मुख्य भूमीवर, ग्वायाकीलच्या विमानतळावर बॅगा आधीच तपासून बंद केल्या होत्या. फळ नको, बी नको, बुटाला माती नको. तिथेच बेटांवर जायला लागणारं माणशी २० डॉलरचं कार्ड घेतलं होतं, बाल्ट्रा या विमानतळाच्या बेटावर उतरल्यावर प्रवेशशुल्काचे २०० डॉलर भरले. ऑगस्ट २०२४ पर्यंत हे शुल्क १०० होतं. दुप्पट झालं म्हणून रांगेत काहीजण कुरकुरत होते. मला ते जड वाटलं नाही. या बेटांची निगा राखायला पैसा लागतो, आणि ती बघायला येणाऱ्यांनीच तो द्यायला हवा.

बाल्ट्राहून बस, मग इताबाका नावाची चिंचोळी खाडी होडीने ओलांडायची, आणि पलीकडे सांताक्रूझ बेट. बेटाची उंच हिरवी पाठ चढून उतरलं की पुएर्तो आयोरा गाव लागतं. संध्याकाळी धक्क्यावरच्या मासळीबाजारात गेलो. बाजार म्हणजे दोन-चार ओटे. एका ओट्यावर बाई ट्यूना कापत होती आणि तिच्या मांडीला टेकून एक सी-लायन उभा होता, घरचं कुत्रं स्वयंपाकघरात उभं राहतं तसा. मागे पेलिकनांची रांग. बाईने आतडी फेकली की झुंबड उडायची, पण सी-लायन जागचा हलला नाही. त्याचा वाटा ठरलेला असावा.

हॉटेलच्या जिन्यात बेटांचा एक मोठा नकाशा टांगलेला होता. सगळ्या बेटांना कवेत घेणारी एक तुटक निळी रेघ त्यावर होती. सगळ्यात बाहेरची बेटं जोडली की जी कड तयार होते, तिच्यापासून ४० सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे ७४ किलोमीटरवर ती काढलेली. १९९८च्या खास कायद्याने आखलेलं हे गालापागोस सागरी अभयारण्य, सुमारे १ लाख ३३ हजार चौरस किलोमीटरचं. आत मोठ्या कंपन्यांच्या जहाजांना मासेमारी बंद. मासे धरायचे ते इथल्या नोंदणीकृत कोळ्यांनी, छोट्या होड्यांतून.

ताईने रेघेवरून बोट फिरवलं. "म्हणजे पाण्यावरची रेघच की," ती म्हणाली. आपल्याकडे जे टिकत नाही त्याला आपण असं म्हणतो. पुढचे आठ दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

दुसरा दिवस: समुद्रकाकड्यांची गोष्ट

सकाळी चार्ल्स डार्विन संशोधन केंद्र पाहिलं. १९६४ पासून ते इथे आहे. महाकाय कासवांची पिल्लं पाहिली आणि २०१२ मध्ये मेलेला 'लोनसम जॉर्ज' पाहिला. पिंटा बेटाच्या कासवजातीचा तो शेवटचा. आता काचेमागे मान उंच करून उभा आहे. त्या खोलीत कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं.

मला मात्र इथली दुसरी एक गोष्ट ऐकायची होती, आणि ती आमच्या वाटाड्याने रस्त्याकडेच्या बाकावर बसून सांगितली. १९९०च्या सुमारास आशियातल्या व्यापाऱ्यांची नजर इथल्या समुद्रकाकड्यांवर गेली. तळाशी पडून असलेला, वाळू चाळून खाणारा, बोटभर ते वीतभर लांबीचा हा मऊ जीव. वाळवून विकला की भाव सोन्याचा. मुख्य भूमीवरून माणसं लोटली. सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, १९९४ मध्ये चाचणीपुरता हंगाम उघडला आणि तो वेळेआधीच बंद करावा लागला, कारण ठरवलेल्या आकड्याच्या कितीतरी पट माल तोवर निघाला होता. जानेवारी १९९५ मध्ये चिडलेल्या कोळ्यांनी याच केंद्राचा रस्ता अडवला.

"१९९८चा कायदा या भांडणातून आला," वाटाड्या म्हणाला. "तो वरून पडलेला नाही. कोळी, शास्त्रज्ञ, पर्यटनवाले आणि उद्यानाचे अधिकारी एका टेबलाशी बसले, तेव्हा झाला." तरी समुद्रकाकड्या वाचल्या नाहीत. १९९९ मध्ये हंगाम पुन्हा उघडला आणि काही वर्षांतच त्या इतक्या कमी झाल्या की हंगामच उघडता येईना. रेघ आखली म्हणून आतलं सगळं आपोआप सुखरूप राहतं असं नाही, हे दुसऱ्याच दिवशी कळलं ते बरं झालं.

तिसरा दिवस: उत्तर सेमूर

निळ्या पायांच्या बूबी पक्ष्याचा नाच मी चित्रात पाहिला होता. प्रत्यक्षात तो वाटेच्या मधोमध चालू होता. नर एक पाय उचलतो, ठेवतो, दुसरा उचलतो. मग चोच आभाळाकडे, शेपूट वर, पंख मागे वळवून एक शीळ. आम्ही नियमाप्रमाणे दोन मीटर लांब उभे. तो मात्र आमच्याकडे सरकत आला, कारण मादी आमच्या बाजूला होती.

हा पक्षी सागरी अभयारण्याच्या गोष्टीत कशासाठी? तो जमिनीवर राहतो पण खातो समुद्राचं. पिल्लं वाढवायला त्याला सार्डिनसारखे छोटे मासे हवेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इथे असे साधारण ६,४०० बूबी उरलेले आढळले. १९६०च्या दशकात २० हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. घरटी करणं १९९७ नंतर फार कमी झालं आणि त्याचं कारण शास्त्रज्ञांनी सार्डिनच्या टंचाईत शोधलं. तेव्हापासून मी पक्ष्यांचे पाय बघायचे सोडून त्यांच्या घशाकडे बघायला लागले: पिल्लाला काही भरवतोय का? एकाने भरवलं. ताईने माझा हात घट्ट धरला.

चौथा दिवस: गॉर्डन रॉक्स

आज मी एकटी. ताईला पोहता येत नाही, आणि गॉर्डन रॉक्सच्या प्रवाहात तर पोहता येणाऱ्यांनीही जपून उतरावं. एका बुडालेल्या ज्वालामुखीच्या काठाचे उरलेले तुकडे पाण्यावर डोकं काढून आहेत. त्यांच्यामधून प्रवाह असा फिरतो की पाणबुडे या जागेला 'वॉशिंग मशीन' म्हणतात. होडीवरच्या मुलीने बजावलं: खडकाला चिकटून राहा, श्वास रोखू नका पण हळू सोडा, बुडबुड्यांना शार्क बिचकतात.

पंधरा मीटरवर पाणी एकदम गार झालं. जणू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाय टाकला. इथे तीन प्रवाह भेटतात: दक्षिणेकडून थंड हम्बोल्ट, उत्तरेकडून उबदार पनामा, आणि पश्चिमेकडून समुद्राच्या पोटातून येणारा क्रॉमवेल, जो बेटांना आदळून वर येतो आणि तळाचं पोषण उजेडात आणतो. विषुववृत्तावर पेंग्विन राहू शकतात ते या थंडाव्यामुळे, आणि मासे एवढे दाट आहेत तेही त्यामुळेच.

वीस मीटरवर खडकाला धरून बसलो. काही मिनिटं नुसता निळा रंग. मग त्या निळ्यातच एक जरा गडद डाग, आणि त्याला डोक्याच्या जागी आडवी पट्टी. हॅमरहेड, हातोडीसारख्या डोक्याचा शार्क. एक, मग तीन, मग एक पूर्ण थर. मी सतरापर्यंत मोजले आणि मोजणं सोडलं. इतके मोठे प्राणी, आणि आवाज शून्य. त्यातला एक थव्यातून खाली आला, खडकाजवळ एका कुशीवर कलला, आणि पिवळे-चंदेरी छोटे मासे धावत जाऊन त्याच्या अंगावरचे परजीवी टिपायला लागले. बार्बरफिशच म्हणतात त्यांना, न्हावी मासा. शिकारी जिवाने आपली कूस अशी उघडी करून थांबणं मी याआधी पाहिलं नव्हतं. मास्कमध्ये पाणी आलं तेव्हा कळलं, मी रडत होते.

वर आल्यावर होडीत सगळे एकदम बोलत होते. दिवसा हे शार्क बेटांभोवती थव्याने राहतात आणि रात्री खुल्या समुद्रात एकेकटे खायला पांगतात. उत्तरेला दूर डार्विन आणि वुल्फ नावाची दोन छोटी बेटं आहेत, तिथे मुक्कामी जहाजानेच जाता येतं. २०१६च्या अभ्यासात तिथे हेक्टरी सरासरी साडेसतरा टन मासे मोजले गेले, आणि त्यातले सुमारे तीन चतुर्थांश वजन शार्कांचं. नेहमीच्या समजुतीत खाणारे थोडे आणि खाल्ले जाणारे पुष्कळ असतात. तिथे उलटं दिसतं, कारण शार्क बेटांपाशी विश्रांतीला असतात आणि जेवायला बाहेर जातात.

म्हणजे घर रेघेच्या आत आणि ताट बाहेर. थव्याने फिरणारी ही हॅमरहेडची जात आज अतिशय धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. मला दिसलेल्या सतरांपैकी आज रात्री किती जण रेघ ओलांडतील, हा विचार जेवतानाही सुटेना.

पाचवा दिवस: इसाबेलाकडे

वेगवान होडीने दोन-अडीच तास. लाटा मोठ्या. याहून अधिक लिहिण्यासारखं नाही. पुएर्तो विल्यामीलला उतरलो आणि वाळूवर आडव्या झालो.

दुपारी तिंतोरेरासच्या खडकांवर समुद्री इग्वाना पाहिले. समुद्रात चरणारा जगातला हा एकमेव सरडा: शेवाळ खातो, वर येऊन उन्हात पडतो आणि नाकातून मीठ शिंकतो. काळ्या लाव्ह्यावर काळे इग्वाना, एकावर एक, त्यामुळे पाय टाकण्याआधी बघावं लागतं. एल निन्योच्या वर्षी पाणी तापतं, त्यांचं शेवाळ मरतं, आणि मग हे प्राणी चक्क आखूड होतात. प्रौढ इग्वानाची लांबी २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं शास्त्रज्ञांनी मोजलेलं आहे. पोटाला कमी लागावं म्हणून हाडांसकट आकसायचं, आणि चांगले दिवस आले की पुन्हा वाढायचं. त्या शिंकणाऱ्या जिवाकडे मी बराच वेळ बघत बसले. तापणाऱ्या पाण्याला अभयारण्याची कुठलीच हद्द अडवू शकत नाही. पण निदान जाळ्यांनी आणि गळांनी आधीच पोखरलेला समुद्र त्यांच्या वाट्याला येऊ नये, एवढं तरी माणसाच्या हातात आहे.

सहावा दिवस: लोस तुनेलेस

लाव्हा थंड होताना तयार झालेल्या कमानी आणि मधल्या शांत तलावांसारख्या जागा. इथे ताईही उतरली, जीवरक्षक जाकीट घालून, गाइडच्या गोल कड्याला धरून. पाण्यात तोंड घालायला ती पाच मिनिटं तयार होईना. मग घातलं, आणि काढेचना.

तिच्या खाली एक हिरवं कासव चरत होतं. टेबलाएवढं. ते वर आलं, तिच्यापासून हातभर अंतरावर डोकं बाहेर काढून एक दीर्घ श्वास घेतला आणि परत खाली गेलं. ताईने तोंडातली नळी काढून म्हटलं, "त्याचा श्वास ऐकला मी."

होडीत परतल्यावर गाइडने एका कासवाची गोष्ट सांगितली, आणि नाव ऐकून आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. त्याचं नाव संजय. २०१४ मध्ये कोस्टा रिकाच्या कोकोस बेटाजवळ शास्त्रज्ञांनी या नर कासवाच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं. संजय तिथून निघाला आणि १४ दिवसांत गालापागोसच्या अभयारण्यात येऊन पोचला. मधे सातशे किलोमीटरच्या आसपासचा समुद्र. एका संरक्षित पाण्यातून दुसऱ्या संरक्षित पाण्यात तो सरळ आला, पण मधला पट्टा तेव्हा कुणाच्याच राखणीत नव्हता. तिथे लाँगलाइनची जहाजं असत: मैलोन्मैल लांब दोर आणि त्याला लटकणारे हजारो आमिष लावलेले गळ. गळ ट्यूनासाठी, पण त्याला जे कोणी लागेल ते लागतं.

ती वाट समुद्राखालच्या एका डोंगररांगेवरून जाते. हॅमरहेड, व्हेल शार्क, कासवं तिच्यावरून ये-जा करतात. १४ जानेवारी २०२२ला इक्वेडोरचे तेव्हाचे अध्यक्ष गियेर्मो लासो यांनी या वाटेवर आणखी ६० हजार चौरस किलोमीटर राखून ठेवण्याच्या आदेशावर सही केली. नाव दिलं 'एर्मांदाद', म्हणजे बंधुभाव. निम्म्या भागात मासेमारी पूर्ण बंद, उरलेल्या निम्म्यात लाँगलाइन बंद. कोस्टा रिकानेही आपल्या बाजूने कोकोसभोवतीचं संरक्षण वाढवलं. इक्वेडोर, कोस्टा रिका, पनामा आणि कोलंबिया या चार देशांनी २००४ पासून मिळून हा विचार चालवला आहे.

मला वाटतं, 'मोठं' या शब्दाचा अर्थ इथे कळतो. अभयारण्य किती मोठं हवं? त्यातल्या जिवाचा प्रवास जेवढा लांब, तेवढं. प्रवाळाच्या एका खडकावर जन्मभर राहणाऱ्या माशाला एक उपसागर पुरतो. संजयला दोन देश लागतात.

सातवा दिवस: धक्क्यावर

होडीची सहल रद्द झाली ते बरं. सकाळभर विल्यामीलच्या धक्क्यावर बसून राहिलो. एक वयस्क कोळी गळाचा दोर गुंडाळत होता. आमच्या हॉटेलच्या मुलाने दुभाष्याचं काम केलं.

मी विचारलं, अभयारण्यामुळे तुमचं नुकसान झालं का? त्याने लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, तरुणपणी वाटायचं झालं. शेवंड कमी झाले, काकड्या संपल्या, आणि शहरातले लोक आम्हालाच चोर म्हणायचे. पण मोठी जहाजं हटली आणि ट्यूना परत दिसायला लागला. "माझ्या होडीला मोठ्या जहाजाशी शर्यत नाही करता येत. ती रेघ माझ्यासाठी पण आहे."

हे त्याने सांगितलं म्हणून मी मानलं, पण दुसरीकडे मोजूनही झालं आहे. हवाईच्या पापाहानाउमोकुआकेया या अभयारण्याचा विस्तार २०१६ मध्ये सुमारे १५ लाख चौरस किलोमीटरपर्यंत केला, तेव्हा तिथल्या ट्यूना उद्योगाने विरोध केला होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हद्दीच्या बाहेर लगतच्या पाण्यात पिवळ्या पंखांच्या ट्यूनाचं प्रमाण, तेवढ्याच गळांमागे, ५४ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. आत राखलेले मासे बाहेर सांडतात. लांब पल्ल्याच्या माशांना अभयारण्याचा काय उपयोग, ते तर निघून जातात, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

कोळ्याची तक्रारही होती, आणि ती खरी होती. नियम करणारे बैठकीला येतात आणि जातात. गस्तीच्या नौकेला कधी डिझेल असतं, कधी नसतं. राखणीला कायमचा पैसा हवा. त्यासाठी मे २०२३ मध्ये इक्वेडोरने एक वेगळा करार केला: १६० कोटी डॉलर दर्शनी किमतीचं जुनं कर्ज, बाजारात त्याची किंमत घसरलेली असताना, ६५.६ कोटींचं नवं कर्ज काढून परत विकत घेतलं. वाचलेल्या पैशातला ठरावीक वाटा दरवर्षी गालापागोसच्या समुद्रासाठी. कोळ्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे. आमच्या धक्क्यावर किती पोचतं ते बघतोय." मग त्याने ताईला गुंडाळलेल्या दोराची गाठ कशी मारायची ते दाखवलं. तिला ती तिसऱ्यांदा जमली.

आठवा दिवस: सान क्रिस्तोबाल

इथे सी-लायन बाकांवर झोपतात आणि माणसं उभी राहतात. संध्याकाळी किनाऱ्यावर त्यांची पिल्लं आयांना हाका मारतात आणि प्रत्येक आई नेमक्या आपल्याच पिल्लाला उत्तर देते. ते ऐकत आम्ही तासभर बसलो.

पण याच गावात २०१७ मध्ये एक खटला चालला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'फू युआन यू लेंग ९९९' हे मालवाहू जहाज अभयारण्याच्या हद्दीत अडवलं गेलं. पोटात सुमारे ३०० टन गोठवलेला माल, त्यात सहा हजारांहून अधिक शार्क. हॅमरहेडही त्यात होते, आणि जन्माला न आलेली पिल्लंही. गावातले लोक फलक घेऊन रस्त्यावर उतरले. न्यायालयाने कप्तानाला चार वर्षांची कैद दिली आणि सुमारे ५९ लाख डॉलरचा दंड ठोठावला. गुन्हा होता संरक्षित प्राणी ताब्यात ठेवून अभयारण्यातून नेण्याचा.

खटल्याचं हे मला फार मोलाचं वाटतं. शार्क कुठेही धरलेले असोत, या पाण्यातून त्यांची प्रेतं नेता येणार नाहीत, असं तिथे कायद्याने ठरलं. पाण्यावर दिसत नसलेली ती रेघ एका जहाजाला अडवू शकली.

पुढे २०२० मध्ये अडीचशेहून अधिक परदेशी जहाजांचा ताफा इक्वेडोरच्या पाण्याच्या कडेला येऊन उभा राहिला, बहुतेक स्क्विडसाठी. ती आंतरराष्ट्रीय समुद्रात होती, म्हणून कुणाला त्यांना हात लावता आला नाही. रात्री त्यांच्या दिव्यांनी क्षितिजावर शहर वसल्यासारखं दिसायचं, असं इथल्या एका नौकाचालकाने सांगितलं. अशा कुणाच्याच नसलेल्या समुद्रातही अभयारण्यं आखता यावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आहे. हे लिहिताना मला ताईने विचारलं, "म्हणजे आता तिथेही रेघ मारता येईल?" येईल. बऱ्याच देशांना एका टेबलाशी बसावं लागेल, इथे १९९८ला बसले तसं.

नववा दिवस: परत

विमान उडालं तेव्हा किकर रॉकचे दोन सुळके पाण्यातून वर आलेले दिसले, मग तेही मागे पडले. मी घड्याळ लावलं. ७४ किलोमीटर म्हणजे विमानाला सात-आठ मिनिटं. ताई खिडकीशी होती, परवा शिकलेली गाठ रुमालाच्या टोकाला मारत, सोडत.

"आत्ता," मी म्हटलं. "आत्ता हद्द आली असेल."

तिने रुमाल मांडीवर ठेवला आणि कपाळ काचेला टेकवलं. खाली पाणी इकडेही तेच होतं आणि तिकडेही तेच. ढग येईपर्यंत ती बघत राहिली.